काटा वरच होता

खुटबावात सर्जेराव आप्पांच्या तोंडावर 'नाही' म्हणणारं माणूस शोधायचं, तर शिरूरपर्यंत जावं लागायचं. सोसायटीचा सेक्रेटरी त्यांना 'बघतो' म्हणायचा, तलाठी 'होऊन जाईल' म्हणायचा, आणि खुद्द मुलगा सत्यजीत मान डोलवून बाहेर पडायचा आणि स्वतःला हवं तेच करायचा. 'न्हाई, आप्पा' असं सरळ म्हणणारा एकटा मच्छिंद्र मिस्त्री. तोही गाडीचं बॉनेट उघडं असेल तोवरच.

गाडी म्हणजे आप्पांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली जुनी शेवरलेट. रंग कधीकाळी हिरवा असावा. मच्छिंद्र खुटबावच्याच बौद्धवाड्यातला. दौंडला भिमाजी फिटरच्या हाताखाली जुन्या अमेरिकन ट्रकांवर शिकला, आणि त्या ट्रकांना नेमकं याच जातीचं इंजिन होतं. पुढं त्यानं शिरूरला स्वतःचं गॅरेज टाकलं, पण या एका गाडीसाठी तो न्हावरे-चौफुल्यावरून एसटी बदलत गावाला यायचा. आप्पांना तो 'आप्पा' म्हणायचा, 'मालक' कधीच नाही, आणि हे गावानं मनात टिपून ठेवलेलं होतं. बॉनेट उघडलं की आप्पा हात मागं बांधून बाजूला उभे राहायचे आणि मच्छिंद्र सांगेल ते ऐकायचे. बॉनेट मिटलं की मच्छिंद्रला चहा ओट्यावर. कप वेगळा असायचा असं कुणी म्हणत नाही. फक्त तो दर वेळी निळ्या काठाचा तोच असायचा.

तर या इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांचे व्हॉल्व्ह इंजिनाच्या कुशीत असायचे. या गाडीचे डोक्यावर. खालून लांब काड्या वर जातात, त्या रॉकरला ढकलतात, आणि रॉकर वरून व्हॉल्व्हवर टकटक करतो. तिथवर तेल पोचवायला पंप आहे, पण तो बेताचा. खाली क्रँक फिरवणाऱ्या रॉडांना तर पंपाचं नीट तेल मिळतही नाही. प्रत्येक रॉडच्या बुडाला पळीसारखी जीभ असते, ती खालच्या तेलात बुडते आणि आपल्यापुरतं उचलून घेते. म्हणजे सगळा संसार पळीवाढीचा. त्यामुळं तेलाचं प्रेशर दाखवणारा काटा या गाडीत कधी छाती काढून उभा राहत नाही. इंजिन तापलं आणि गाडी जागच्या जागी घुरघुरत ठेवली, की तो झोपाळल्यासारखा शून्याकडं कलतो. ज्याला नव्या गाड्यांची सवय, तो घाईनं इंजिन बंद करतो. मच्छिंद्र सांगायचा, याचं रगतच पातळ आहे, त्याला औषध देऊ नका. जाड तेल घातलं तर काटा वर दिसेल, पण डोक्यावर थेंब चढायचा नाही. वरची टकटक पार बंद करू नका, ती बंद केली तर व्हॉल्व्ह जळतील. दर खेपेला इंजिन चांगलं तापवून, चालू ठेवून, पातळ पोलादी पत्तीनं व्हॉल्व्हवरची एकेक फट मोजायचा, आणि आप्पांना हाताला चटके बसलेले दाखवायचा. दाखवायची त्याला हौस होती, हे मान्य केलं पाहिजे. आपल्यासारखा हात दौंड-शिरूरमध्ये दुसऱ्या कुणाला नाही, हे तो विचारलं नसतानाही सांगायचा.

आता आप्पा. आप्पांची जवानी साखर कारखान्याच्या काट्यावर गेली होती. उसाच्या गाड्या तोलायच्या त्या काट्यावर ते कारकून होते, आणि तिथून चढत चढत डायरेक्टर झाले. शेतकऱ्याला काटा मारणारे पुष्कळ. आपल्या पाळीत मात्र काटा सरळ असायचा, असं आप्पा स्वतः सांगायचे. दुसरं कुणी सांगताना मी ऐकलं नाही, पण उलट सांगतानाही ऐकलं नाही.

एका दिवाळीच्या तोंडावर आप्पांच्या छातीत दुखलं. पुण्याला नेलं, परत आणलं. येताना गोळ्या आल्या, आणि दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब मोजायचं काट्याचं घड्याळ आलं. सून सुलक्षणा रोज सकाळी पट्टा बांधायची आणि आप्पा त्या काट्याकडं असे बघायचे, जसं पूर्वी शेतकरी त्यांच्या काट्याकडं बघायचे. म्हणजे विश्वास नाही, पण इलाजही नाही. हळूहळू त्यांनी दुसऱ्या काट्याकडंही तसंच बघायला सुरुवात केली. संध्याकाळी गाडी काढायची, कालव्यापर्यंत न्यायची, तिथं इंजिन चालू ठेवून बसायचं आणि तेलाचा काटा खाली येताना बघायचा. खाली आला की आप्पाही खाली. घरी येऊन जेवायचे नाहीत. मच्छिंद्रनं वर्षानुवर्षं समजावलेलं पातळ रगत त्यांना आता पटेना. गाडीचं आणि आपलं एकाच दिवशी थांबणार, असं त्यांनी बायकोला, दगडाबाईंना, चक्क बोलून दाखवलं, आणि वर हसले.

दगडाबाई हसल्या नाहीत. शिरूरच्या बाजाराचं निमित्त करून त्या एसटीत बसल्या आणि मच्छिंद्रच्या गॅरेजात येऊन टायरवर टेकल्या. काटा खाली येणार नाही असं काहीतरी कर, म्हणाल्या. मच्छिंद्रनं आधी मान हलवली.

"गाडीला काय झालं न्हाई, काकी. झालंय ते आप्पांना."

"मग आप्पांना तू दुरुस्त करतो व्हय? तुला गाडी येती, तर गाडी कर."

गाडी येते, हे तर तोच सगळ्यांना सांगायचा. शिवाय मोठ्या घरची बाई टायरवर बसून आपल्याला गळ घालते आहे, याची थोडी ऊबही त्याला लागली असणार. घरी त्यानं हे भागुबाईला, म्हणजे बायकोला, सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. काटा वर करायचा म्हणजे खोटं बोलायचं, ती म्हणाली, आणि आजपर्यंत त्या घरात तुमचं ऐकतात ते तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून. मच्छिंद्र म्हणाला, हे खोटं नाही, औषध आहे. भागुबाई पुन्हा भाकरी थापायला लागली. तिचं गप्प बसणं बोलण्यापेक्षा महाग पडतं, हे मच्छिंद्रला माहीत होतं, तरी तो गेला.

आप्पा दुपारी झोपले असताना त्यानं काम उरकलं. डॅशबोर्डामागून तेलाच्या काट्याचं घड्याळ ओढून काढलं, काच उघडली, काटा उचकटला आणि चार रेघा वर बसवून दाबला. काम सोपं. अवघड होती ती मागची तांब्याची नळी, इंजिनातून घड्याळापर्यंत तेल आणणारी. जुनं तांबं वर्षानुवर्षांच्या थरथरीनं कडक होतं. ते वाकवायचं तर आधी लाल तापवून पाण्यात बुडवावं लागतं, मग ते मऊ पडतं. मच्छिंद्र नेहमी तसंच करायचा. पण ब्लोलॅम्प पेटवला की त्याचा फरफराट होतो, आणि आप्पांची झोप म्हातारपणाची. त्यानं नळी तशीच हातानं वळवून आत सारली. इंजिनाच्या अंगाला जिथं ती जोडलेली, तिथं काहीतरी अडल्यासारखं हाताला लागलं. बघू पुढल्या खेपेला, असं त्यानं मनाशी म्हटलं. दगडाबाईंना मात्र बजावून सांगितलं, की आता या काट्यावर कुणी भरवसा ठेवायचा नाही, गाडी कालव्याच्या पुढं न्यायची नाही, आणि तेल मी स्वतः येऊन पट्टीनं बघत जाईन. त्यांनी मान हलवली. सत्यजीतला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर ते चावडीवर गेलं असतं.

त्या संध्याकाळी आप्पा कालव्यावरून परत आले आणि त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. काटा थोडा खाली आला आणि चार रेघांवर थांबला. इंजिन बंद, तेल जागच्या जागी, आणि प्रेशर चार रेघा.

काट्यावर बसलेल्या माणसाची पहिली शिकवण कुठली? सकाळी पहिली गाडी यायच्या आत रिकामा काटा शून्यावर येतो का ते बघ. आप्पांनी आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून त्या चार रेघांकडं बराच वेळ बघत बसले. मग दार लावलं, घरात गेले, भाकरी मागितली आणि पोटभर जेवले. दगडाबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

तेव्हापासून त्या घरात एक नाटक सुरू झालं, ज्यात प्रत्येकाला वाटायचं की आपण एकटेच नाटक करतोय. मच्छिंद्र यायचा, पट्टी काढून तेल बघायचा, काट्याकडं बघून म्हणायचा, काटा बरा हाय, आप्पा. आप्पा म्हणायचे, बरा हाय. पूर्वी ते चार प्रश्न विचारायचे, आता एकही नाही. आपल्या औषधाचा गुण आला असं मच्छिंद्रला वाटायचं. आप्पांचा दाबही सुधारला होता, हे खरंच. खोट्या काट्यानं खरा काटा सुधारतो, हे कुठल्या डॉक्टरच्या हिशेबात बसत असेल तर बसो.

उन्हाळ्यात सत्यजीतनं रांजणगावच्या एका कंपनीत कामगारांच्या बसगाड्यांचं कंत्राट मिळवलं. पहिल्या बसची पूजा होती, कंपनीचे साहेब येणार होते. त्याच्या डोक्यात आलं की आपण शेवरलेटमधून उतरायचं. त्यानं आप्पांकडं किल्ली मागितली.

आप्पा थांबले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर हे सांगावं लागलं असतं, की काटा खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि तरी मी त्याच्याकडं बघून जेवतोय. दगडाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्याही ओठावर येऊन परत गेलं.  आप्पांनी किल्ली दिली आणि सावकाश ने, एवढंच म्हणाले.

सत्यजीत सावकाश चालवणाऱ्यांतला नाही. चौफुला मागं पडला, केडगाव मागं पडलं, नदी ओलांडली. ऊन असं होतं की डांबर चाकाला चिकटत होतं. शेजारी बसलेल्या सुलक्षणाला करपल्याचा वास आला. सत्यजीतनं काट्याकडं बोट दाखवलं, काटा उभा आहे. न्हावऱ्याच्या पुढं खालून ठोके यायला लागले. त्याला वाटलं, ही गाडी बोलतेच. मग एक मोठा ठोका आला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन गप्प झाली. सुलक्षणा उतरून मागं बघते तर लांबपर्यंत तेलाची काळी रेघ. बसची पूजा बसच्या मालकाशिवाय झाली. ट्रॅक्टरला बांधून गाडी शिरूरला मच्छिंद्रच्या दारात आणली.

मच्छिंद्र खाली शिरला आणि त्यानं इंजिनाच्या बुडाचं तेलाचं चेंबर खोललं. तेल नव्हतंच. रॉडांच्या बेअरिंगचं पांढरं मेटल वितळून तळाशी चांदीच्या चुऱ्यासारखं साचलं होतं. मग त्यानं बॉनेटखाली हात घातला. तांब्याची नळी नेमकी त्या अडलेल्या जागी तडकली होती. सगळं तेल तिथून रस्त्यावर गेलं होतं, पळ्या कोरड्या फिरल्या होत्या, आणि वर काटा चार रेघांवर ऐटीत उभा होता.

"काटा वरच होता, मिस्त्री," सत्यजीत म्हणाला. "शेवटपर्यंत."

"तो मी वर केलता," मच्छिंद्र म्हणाला.

पुढं सत्यजीत काय काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं काही मच्छिंद्रबद्दल होतं आणि काही त्याच्या बौद्धवाड्याबद्दल. मच्छिंद्रनं चेंबर परत बसवलं. घरून आप्पांचा निरोप आला, गाडी इकडं आणा. दुसऱ्या दिवशी गाडी खुटबावला ओढून नेली, मागं मच्छिंद्रही गेला. दारात निम्मं गाव जमलं होतं. सत्यजीत पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पा काठी टेकत ओट्यावर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की काटा वर करायला मीच सांगितलं होतं, मिस्त्रीचा यात काही दोष नाही, कुणी त्याला बोलायचं नाही.

गाव हेलावलं. मोठं मन, म्हणाले लोक. मच्छिंद्र म्हणाला, "न्हाई, आप्पा." पण बॉनेट बंद होतं, आणि त्याचं कुणी ऐकलं नाही.

लोक पांगल्यावर तो ओट्यापाशी थांबला. तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं, म्हणाला, मग खोटं कशाला बोललात? तेव्हा आप्पांनी त्याला ते सांगितलं, जे तुम्हाला ठाऊक आहे. मच्छिंद्रला ते नवीन होतं.

"पहिल्या दिवसापास्नं?"

"रिकामा काटा शून्यावर येईना, ते मला कळंना व्हय रं?"

"मग इचारलं का न्हाई मला?"

"इचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस."

आप्पांना वाटलं, आपण त्याची स्तुती केली. मच्छिंद्र मात्र उन्हात उभा राहून आठवत होता, की इतके महिने आपण काटा बरा हाय म्हणत होतो आणि हा माणूस लहान पोराला डोलवावी तशी मान डोलवत होता. चहा आला होता. तो न घेता मच्छिंद्र निघाला.

इथून खरा त्रास सुरू झाला. कुणी त्याला बोललं असतं तर त्यानं सोसलं असतं. पण खुटबावपासून शिरूरच्या स्टँडपर्यंत एकच गोष्ट फिरली, की आप्पांनी मिस्त्रीला वाचवला. मच्छिंद्र चहाच्या टपरीवर सांगायचा, काटा मी फिरवला, नळी मी मोडली, चूक माझी. ऐकणारे एकमेकांकडं बघून समजुतीनं हसायचे. एकानं तर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, माणूस असावा तर असा, मालकाचं नाव खराब होऊ देत नाही. जितकं तो आपल्या नावावर घ्यायला बघायचा, तितकं ते आप्पांच्या खात्यावर पुण्य म्हणून जमा व्हायचं. माणसाची जमीन गेली, पैसा गेला, तर दाद मागता येते. चूक गेली तर कुठं जायचं?

"तुमची चूकबी त्यांनी नेली," भागुबाई म्हणाली. "आता काय ऱ्हायलं तुमच्यापाशी?"

इंजिन उघडायला ये, असा आप्पांचा निरोप आला, तेव्हा मच्छिंद्रनं उलटा निरोप धाडला. काम कुणाच्या हातानं बिघडलं ते आप्पांनी चार लोकांत सांगावं, मग येईन. सत्यजीत ऐकून हसला. वडिलांना म्हणाला, बघा, उपकाराची काय किंमत केली. आप्पांनाही राग आला. आपण याच्यावर पांघरूण घातलं आणि हा ते अंगावरून फेकून देतो, हे त्यांच्या हिशेबात बसेना. ते पुण्यातल्या मिस्त्रींची नावं विचारू लागले, पण बोलावलं कुणालाच नाही. गाडी ताडपत्रीखाली होती. संध्याकाळी कालव्याकडं चालत जायचे आणि अर्ध्या वाटेतून परत यायचे. दाब पुन्हा चढला. सुलक्षणा पट्टा बांधायला आली की म्हणायचे, राहू दे, खरं काय ते मला माहीत आहे.

मग एक दिवस दगडाबाई त्यांच्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या की मच्छिंद्रला मीच भरीला घातलं होतं, टायरवर बसून. आप्पांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून एकटेच एसटीत चढले.

गॅरेजात त्या वेळी न्हावऱ्याचे एक पाटील आपली जीप दाखवायला आले होते, टपरीवाला चहा घेऊन आला होता, आणि मच्छिंद्रचं डोकं जीपच्या बॉनेटमध्ये होतं. आप्पांना बघून पाटील उठले आणि त्यांनी बाकडं पुसून दिलं. आप्पा बसले नाहीत.

"माझी गाडी ह्या मिस्त्रीनं मारली," ते म्हणाले. "काटा ह्यानं फिरवला, नळी ह्यानं तोडली. मी सांगितलं नव्हतं. मला कळलं होतं आन् मी गप बसलो, त्येवढं माझं. बाकी त्याचं."

टपरीवाल्याच्या हातातली किटली तशीच राहिली. पाटलांनी मच्छिंद्रकडं बघितलं. मच्छिंद्रनं डोकं बाहेर काढलं.

"व्हय," तो म्हणाला. "बराबर हाय."

पाटील थोडा वेळ घुटमळले. मग त्यांना एकदम आठवलं की आपल्याला कचेरीत काम आहे. जीप उद्या आणतो म्हणाले. उद्या म्हणजे कधीच नाही, हे तिथं सगळ्यांना समजलं. मच्छिंद्रनं बॉनेट खाली घेतलं, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि जीप स्टँडच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं असं मी म्हणणार नाही. पण पाठ सरळ होती.

मग आप्पा बाकड्यावर बसले आणि त्यांनी विचारलं, इंजिन कधी उघडायचं.

मच्छिंद्रनं हात पुसले. बोटं पुसली, नखं पुसली, चिंधी घडी करून बाजूला ठेवली. मग तो आप्पांच्या समोर उकिडवा बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. रॉडांचं मेटल वितळलंय. ते नव्यानं ओतून कोरावं लागतं. ओतणारे भिमाजी फिटर वारले, त्यांच्या पोराला ते येत नाही, आपण फक्त बघितलंय, हातानं कधी केलेलं नाही. क्रँकवर चर पडलेत, त्याला नख अडकतं. पुण्यात एकाला विचारलं, मुंबईत एकाला विचारायला लावलं. ट्रकांच्या भंगारात असला क्रँक आता येत नाही.

"म्हंजी?"

"चालायची न्हाई, आप्पा."

"कायतरी बघ की. तू बघितलंस तर हुईल."

"बघितलं. न्हाई व्हायचं."

आप्पांनी छातीवर हात नेला, पण तो बंडीच्या खिशात गेला, चष्म्याच्या डबीवर थांबला. टपरीवाल्यानं दोन कपात चहा ओतला, सारख्याच कपात, कारण त्याच्याकडं दुसरे नव्हते. मच्छिंद्र जागचा उठला नाही. आप्पा त्याच्या तोंडाकडं रिकामा काटा तपासावा तसं बघत होते, शून्यापासून कुठं जराशी रेघ सुटते का ते शोधत.

चौफुल्याची एसटी स्टँडवर लागली, भरली आणि गेली. आप्पा बसून राहिले.